धागा: सिद्धतेत ‘आकृतीवरून’ हे कारण का चालत नाही? (नववीची भूमिती, गृहीतकं आणि प्रमेयं)

मधुमालती

लेक नववीत आहे, सेमी इंग्रजी. बीजगणितात गाडी बरी चालते, भूमितीत सिद्धता आली की बंद पडते. परवा चाचणीचा पेपर घरी आला. प्रश्न होता, दोन रेषा एकमेकींना छेदल्यावर होणारे विरुद्ध कोन समान असतात हे सिद्ध करा. यानं पक्ष लिहिलाय, साध्य लिहिलंय, पट्टी लावून सुबक आकृती काढलीय, आणि सिद्धतेत एकच ओळ: ‘हे कोन समान आहेत, कारण आकृतीवरून.’ तीनपैकी एक गुण. ‘आकृतीवरून’च्या खाली बाईंची लाल रेघ.

समजवायला बसले तर उलटतपासणी माझीच झाली. म्हणतो, “दिसतंय ना समान आहेत? कोनमापक लावला तरी समान येतात. मग सिद्ध काय करायचं?” बरं, हे मी कसंबसं परतवलं. पण दुसरा प्रश्न असा: “एसएएस टेस्ट मॅडमनी नुसती सांगितली, सिद्ध केली नाही. ती तशीच मानायची आणि विरुद्ध कोन मात्र सिद्ध करायचे. हे कोण ठरवतं?”

एसएएस म्हणजे आपली बाकोबा, त्रिकोणांच्या एकरूपतेची बाजू-कोन-बाजू कसोटी. मी वाणिज्य शाखेची, भूमिती दहावीनंतर सुटली ती सुटलीच. इथे शिक्षक मंडळी आहेत म्हणून विचारते. याला काय सांगू?

निवृत्त_खडू

ताई, पोराचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे, त्याकडे नंतर येऊ. आधी लाल रेघ.

सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे कारण लिहायचं असतं, आणि त्या जागी बसू शकतील अशा गोष्टी मोजक्याच आहेत. पक्षात दिलेली माहिती. एखादी व्याख्या. आपण आधीच मान्य केलेलं गृहीतक. आधी सिद्ध झालेलं प्रमेय. आणि आपण स्वतः रचना केली असेल तर ती रचना. बस्स. आकृती या यादीत नाही. कुठला बिंदू कुठे आहे हे डोक्यात राहावं म्हणून ती काढायची.

तुमच्या मुलाचंच उदाहरण पूर्ण लिहून दाखवतो. कागद घेऊन त्याच्यासोबत करा.

पक्ष: रेषा अब आणि रेषा कड बिंदू म मध्ये छेदतात. म हा अ आणि ब यांच्या दरम्यान आहे, तसाच क आणि ड यांच्याही दरम्यान आहे.
साध्य: ∠अमक = ∠बमड

सिद्धता:
∠अमक + ∠कमब = १८०° … (मअ आणि मब हे विरुद्ध किरण, म्हणून रेषीय जोडीतील कोन) (१)
∠कमब + ∠बमड = १८०° … (मक आणि मड हे विरुद्ध किरण, म्हणून रेषीय जोडीतील कोन) (२)
∴ ∠अमक + ∠कमब = ∠कमब + ∠बमड … (१) व (२) वरून
∴ ∠अमक = ∠बमड … (दोन्ही बाजूंतून ∠कमब वजा करून)

आता आकृतीवर हात ठेवून ती झाकायला सांगा. चारही ओळी तशाच उभ्या राहतात. रेषा कितीही तिरप्या असोत, कोन दोन अंशांचा असो की एकशे अठ्ठ्याहत्तर अंशांचा, एकही शब्द बदलावा लागत नाही. त्यानं कोनमापक लावला तो एका आकृतीला, आणि त्याच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर कळतही नाही. साध्यात मात्र ‘कोणत्याही दोन छेदणाऱ्या रेषा’ आहे. हा फरक त्याला दिसला की पहिला प्रश्न मिटेल.

खारेदाणे

आमच्या वेळी प्रश्नच नव्हता. प्रमेय पाठ, सिद्धता पाठ, आकृतीतली अक्षरंसुद्धा पाठ. एका वर्षी पेपरात अबक ऐवजी पफब असा त्रिकोण आला आणि अर्धा वर्ग गार.

लेव्हलट्यूब

खडू सर, आदर राखून विचारतो. मी बांधकामात आहे. पायाची आखणी करताना आम्ही दोरीनं ३-४-५ धरतो, काटकोन मिळतो, गुण्या लावून खात्री करतो. आयुष्यात कुणी माझ्याकडे सिद्धता मागितली नाही. मोजून जमलं तर पुरे की. नववीच्या पोरांच्या मागे हे लचांड कशाला?

रेषेबाहेर

लेव्हलट्यूब, तुम्ही दोरीनं जे करता ते पायथागोरसचं प्रमेय नव्हेच. प्रमेय म्हणतं, काटकोन असेल तर कर्णाचा वर्ग बाकी दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढा. तुमच्या हातात असतात बाजू, ३, ४ आणि ५, आणि तुम्हाला हवा असतो काटकोन. हा झाला व्यत्यास. मूळ विधान खरं म्हणून व्यत्यास आपोआप खरा होत नाही. चौरसाचे कर्ण एकमेकांना लंब असतात, पण कर्ण लंब असलेला प्रत्येक चौकोन चौरस नसतो, पतंगाकडे बघा. म्हणून युक्लिड या ग्रीक गणितज्ञानं आपल्या ‘एलिमेंट्स’ ग्रंथाच्या पहिल्या खंडातलं ४७ वं विधान पायथागोरसच्या प्रमेयाला दिलं आणि लगेच ४८ व्यात व्यत्यास वेगळा सिद्ध केला. तुमची आखणी त्या ४८ व्या विधानाच्या जिवावर चाललीय. कुणीतरी सिद्ध करून ठेवलंय म्हणून तुमच्याकडे कुणी मागत नाही, इतकंच.

आता मधुमालतींच्या मुलाचा ‘कोण ठरवतं’ हा प्रश्न. (खडू सर, मध्ये तोंड घालतोय.)

प्रत्येक विधानाला कारण हवं म्हटलं तर त्या कारणालाही कारण हवं, त्यालाही हवं, आणि हे कधी संपायचंच नाही. कुठेतरी पाय टेकावे लागतात. जिथे टेकतो ती गृहीतकं. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडनं अशी पाच निवडली. एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ रेषा काढता येते. मर्यादित रेषा सरळ पुढे वाढवता येते. कोणताही केंद्रबिंदू आणि कोणतीही त्रिज्या घेऊन वर्तुळ काढता येतं. सगळे काटकोन एकमेकांएवढे असतात. पाचवं जरा लांबलचक आहे, त्याच्यावर नंतर बोलू, कारण त्यानं दोन हजार वर्षं लोकांची झोप उडवली. यांच्या जोडीला पाच सर्वसाधारण तत्त्वं: समानातून समान वजा केलं तर उरलेलं समान, वगैरे. सरांची शेवटची ओळ त्यातूनच आली.

चौथं वाचून पोरं हसतात, काटकोन एकमेकांएवढे असतात हे काय सांगायचं? पण युक्लिडकडे अंश नव्हते. त्याच्यासाठी रेषीय जोडीची बेरीज म्हणजे ‘दोन काटकोन’. वरच्या सिद्धतेत (१) आणि (२) ची तुलना करायची तर इथले दोन काटकोन आणि तिथले दोन काटकोन सारखेच, हे आधी कबूल असायला हवं. ते काम चौथं गृहीतक करतं.

मधुमालती

हे छान उलगडलं. पण यात बाकोबा कुठेच नाही! म्हणजे युक्लिडनं ती सिद्ध केली होती? मग शाळेत का करत नाहीत?

रेषेबाहेर

केली होती, चौथ्याच विधानात. एक त्रिकोण उचलायचा, दुसऱ्यावर ठेवायचा, दोन बाजू आणि मधला कोन जुळले की तिसरी बाजूही जुळते, अशी. पण त्रिकोण उचलून न बदलता दुसरीकडे नेता येतो, ही परवानगी त्याच्या पाच गृहीतकांत कुठेही नाही. खुद्द त्यालाही ही युक्ती फारशी आवडत नसावी असं अनेकांना वाटतं, कारण ती तो अगदी क्वचित वापरतो. जर्मन गणितज्ञ हिल्बर्टनं १८९९ साली भूमितीचा पाया नव्यानं रचला तेव्हा त्यानं पळवाट ठेवली नाही. बाकोबाचा गाभा सरळ गृहीतकांत घातला आणि तिथून उरलेल्या कसोट्या सिद्ध केल्या.

तेव्हा मुलाला सांगा, बाकोबा मानून चालणं ही लबाडी नाही, निवड आहे. निवडीचा अधिकार कुणालाही आहे, अटी मात्र आहेत. गृहीतकं एकमेकांना खोटं पाडणारी नकोत. त्यांच्यातून पुढचं सगळं निघायला हवं. आणि मोजकी असली तर उत्तम. शाळेची पुस्तकं तिसऱ्या अटीत सूट घेतात. एकरूपतेच्या चारही कसोट्या, शिवाय काटकोन त्रिकोणांची कर्णभुजा, मानून टाकतात, नाहीतर नववीचं वर्ष कसोट्यांतच संपायचं. विरुद्ध कोनांचं प्रमेय चार ओळींत निघतं, मग ते मानण्याची चैन कशाला?

स्नोशू

न्यू जर्सीहून. माझी मुलगी इथे हायस्कूलला आहे, तिच्या भूमितीच्या वहीत प्रत्येक पानावर उभी रेघ मारलेली असते. डावीकडे विधान, उजवीकडे कारण. गंमत म्हणजे यांच्याकडे गृहीतकांचा सुकाळ. रेषाखंडांच्या बेरजेचं गृहीतक, कोनांच्या बेरजेचं गृहीतक, पट्टीचं गृहीतक, कोनमापकाचं गृहीतक! मी सांगलीजवळ मराठी शाळेत शिकले, तिथे पट्टीचं गृहीतक वगैरे कुणी बोललेलं आठवत नाही. पट्टी ती पट्टी.

रेषेबाहेर

ते बर्कॉफचं देणं. या अमेरिकन गणितज्ञानं १९३२ साली सुचवलं की वास्तव संख्या मुलांना येतातच, तर त्या सरळ वापरा. रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला एक संख्या द्या, अंतर म्हणजे त्या संख्यांतला फरक. कोनांचंही तसंच. आपल्या नववीच्या पुस्तकात पहिल्या धड्यात बिंदूचे निर्देशक, दोन बिंदूंतलं अंतर आणि दरम्यानता (कोणता बिंदू कोणत्या दोघांच्या मध्ये आहे) येते ती याच वळणाची. युक्लिडकडे ‘रेषाखंडाची लांबी ५ सेमी’ असं वाक्यच सापडणार नाही.

खारेदाणे

दरम्यानता! हा धडा कशासाठी असतो ते आजतागायत कळलं नाही. ‘प-क-र असेल तर पक + कर = पर.’ अरे वा. पुढे?

रेषेबाहेर

पुढे हे. खालची सिद्धता वाचा आणि चूक शोधा. जुनं कोडं आहे, ज्यांना माहीत आहे त्यांनी रात्रीपर्यंत गप्प बसावं.

साध्य: कोणत्याही त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतात.

∆अबक घ्या. ∠अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक काढा, ते प मध्ये भेटतात. प पासून अब वर लंब पय आणि अक वर लंब पर टाका.
∆अयप आणि ∆अरप: य आणि र पाशी काटकोन, अ पाशी समान कोन, अप सामाईक. कोकोबा (कोन-कोन-बाजू) कसोटीनं एकरूप. म्हणून अय = अर आणि पय = पर.
प हा बक च्या लंबदुभाजकावर आहे, म्हणून पब = पक.
∆पयब आणि ∆परक: काटकोन, कर्ण समान, एक भुजा समान. कर्णभुजा कसोटीनं एकरूप. म्हणून यब = रक.
बेरीज करा: अय + यब = अर + रक, म्हणजेच अब = अक.

लेव्हलट्यूब

हे कसं शक्य आहे? माझ्याकडे आत्ता ६, ८, ९ चा त्रिकोण काढलेला आहे. प्रत्येक ओळीला कारण दिलंय तुम्ही, आणि कारणं सगळी बरोबर वाटतायत.

स्नोशू

मला वाटतं प त्रिकोणाच्या आत नाहीच. नीट काढलं तर बाहेर पडतो, बक च्या खाली.

निवृत्त_खडू

स्नोशू, प बाहेर पडतो हे खरं, तो परिवर्तुळावरच असतो. पण तेवढ्यानं सुटका नाही. समजा य आणि र दोन्ही बाजूंच्या वाढवलेल्या भागावर पडले, तर बेरजेच्या जागी वजाबाकी करू: अय − यब = अर − रक, पुन्हा अब = अक. चूक अजून खोल आहे. लेव्हलट्यूब, तुमच्याकडे आकृती आहेच, लंब टाकून य आणि र कुठे पडतात ते मोजून सांगा.

लेव्हलट्यूब

अब ६, अक ८ धरली. य बाजूच्या बाहेर गेला, ब च्या पुढे १ सेमी. र मात्र अक वरच आहे, क च्या १ सेमी अलीकडे. अय ७, अर पण ७.

निवृत्त_खडू

हेच. एक आत, एक बाहेर, दरवेळी. अ-ब-य असा क्रम आहे, म्हणून अब = अय − यब = ७ − १ = ६. आणि अ-र-क असा क्रम आहे, म्हणून अक = अर + रक = ७ + १ = ८. तिसरी बाजू ९ ऐवजी १० घ्या, १२ घ्या, अय सातच येईल, ६ आणि ८ ची सरासरी. वरच्या सिद्धतेत त्रिकोणांची एकरूपता अगदी निर्दोष होती. फक्त शेवटच्या ओळीत ‘य हा अ आणि ब च्या दरम्यान आहे’ हे गुपचूप मानलं होतं. कशावरून? आकृतीवरून.

मधुमालतीताई, हे कोडं मुलाला जरूर द्या. आणि खारेदाणे, दरम्यानतेचा धडा तुमच्यासाठी परत उघडायला हरकत नाही.

खारेदाणे

उघडला. हात जोडले.

लेव्हलट्यूब

मान्य, मोजून दिसलं ते आकृती नीट होती म्हणून. कच्च्या आकृतीवर मीही फसलो असतो. पण मग युक्लिड स्वतः कधी आकृतीवर विसंबला नाही का?

रेषेबाहेर

पहिल्याच विधानात विसंबला! रेषाखंड अब वर समभुज त्रिकोण काढायचा: अ केंद्र आणि अब त्रिज्या घेऊन एक वर्तुळ, ब केंद्र घेऊन तेवढंच दुसरं, ती जिथे छेदतात तो तिसरा शिरोबिंदू. ती वर्तुळं छेदतातच हे कुठल्या गृहीतकानुसार? कुठल्याच नाही. कागदावर दिसतं म्हणून. हे भोक शास्त्रशुद्ध बुजायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. तरी हा ग्रंथ ग्रीकमधून अरबीत, अरबीतून लॅटिनमध्ये गेला, आणि अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून तो ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणला. पुढे तो छापला गेला आपल्या मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत. इतकी शतकं टिकला तो निर्दोष म्हणून नव्हे. कुठल्या विधानाचा पाय कुठल्या विधानावर आहे हे त्यात शोधता येतं, म्हणून.

मधुमालती

कोडं दिलं काल. जेवताना ताटाशेजारी कागद. सुटलं नाही, सांगितल्यावर आधी चिडला, मग शाळेत नेऊन मित्रांना घातलं म्हणे.

आता पुढची अडचण. समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय: अब = अक असेल तर ∠ब = ∠क. यानं अ पासून बक वर लंब अड टाकला आणि लिहिलं: “∠अडब = ∠अडक, काटकोन. ∠ब = ∠क, समद्विभुज त्रिकोणाचे कोन. अड सामाईक. कोकोबानुसार त्रिकोण एकरूप, म्हणून ∠ब = ∠क.” मला काहीतरी खटकतंय, पण बोट ठेवता येत नाही.

निवृत्त_खडू

दुसरं कारण बघा. ‘समद्विभुज त्रिकोणाचे कोन’ हेच तर सिद्ध करायचंय. साध्य मागच्या दारानं पक्षात येऊन बसलंय. मुलांच्या वह्यांत ही चूक ‘आकृतीवरून’पेक्षा जास्त असते आणि पकडायला अवघड, कारण दिसायला सगळं नीटनेटकं असतं. ओळखायची रीत अशी: प्रत्येक कारणापुढे विचारायचं, हे प्रमेय पुस्तकात आत्ताच्या प्रमेयाच्या आधी आलंय की नंतर?

लंबच ठेवायचा असेल तर कोकोबाऐवजी कर्णभुजा कसोटी लावा. कर्ण अब = अक दिलेलंच आहे, अड सामाईक. झालं.

रेषेबाहेर

सर, परीक्षेसाठी चालेल, कारण पुस्तकानं कर्णभुजा कसोटी मान्य केलेली आहे. पण ती कसोटी जिथे सिद्ध करतात तिथे बहुतेकदा दोन काटकोन त्रिकोण पाठीला पाठ लावून एक समद्विभुज त्रिकोण करतात आणि हेच प्रमेय वापरतात. त्या पुस्तकात तुमची सिद्धता गोल फिरेल.

निवृत्त_खडू

बरोबर, म्हणूनच ‘कुठल्या पुस्तकात’ हे आधी ठरवायचं. आपल्या नववीच्या पुस्तकात तर ∠अ चा दुभाजक काढून बाकोबा लावलीय. ती लिहावी, वाद नाही.

रेषेबाहेर

तीही छानच. पण मला सगळ्यांत आवडते ती चौथ्या शतकातल्या पॅपसच्या नावावरची. रचना शून्य. लंब नाही, दुभाजक नाही, मध्यगा नाही. त्रिकोणाची तुलना त्याच्याशीच करायची, उलटा करून. अबक ↔ अकब ही एकैकसंगती घ्या. अब = अक (पक्ष). ∠अ = ∠अ. अक = अब (पक्ष). बाकोबानुसार ∆अबक ≅ ∆अकब. म्हणून ∠ब = ∠क. संपलं. पहिल्यांदा वाचल्यावर फसवल्यासारखं वाटतं, पण एकही पायरी कच्ची नाही. दोन त्रिकोण वेगळे असले पाहिजेत असं बाकोबा कधी म्हणत नाही.

स्नोशू

अहाहा. हे लेकीला दाखवते. तिच्या उभ्या रेघेत तीन ओळींत बसेल.

लेव्हलट्यूब

पाचव्या गृहीतकाचं राहिलं. दोन हजार वर्षांची झोप.

रेषेबाहेर

ते असं: एका छेदिकेनं दोन रेषांना छेदलं आणि एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरली, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला भेटतात. बाकीची चार ओळीभराची, आणि हे परिच्छेदभर. लोकांना वाटलं हे प्रमेय असणार, युक्लिडला सिद्ध करता आलं नाही एवढंच. युक्लिडनंही ते शक्य तितकं लांबवलं. व्युत्क्रम कोन (छेदिकेच्या दोन विरुद्ध बाजूंचे आतले कोन) समान असतील तर रेषा समांतर, हे २७ वं विधान त्याच्याविना होतं. रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान, या २९ व्या विधानाला मात्र ते लागतंच. शाळेत ही दोन वाक्यं मुलं एकच समजतात, आणि व्यत्यास वेगळा का हे इथे सगळ्यांत स्वच्छ दिसतं.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° हे त्याच्यावरच उभं आहे. शिरोबिंदू अ मधून बक ला समांतर रेषा काढतो, दोन्हीकडचे व्युत्क्रम कोन ∠ब आणि ∠क एवढे, तिघे मिळून सरळ कोन. ‘व्युत्क्रम कोन समान’ म्हटलं तिथे पाचवं आलं. इटालियन गणितज्ञ सॅकेरीनं १७३३ मध्ये ते खोटं मानून विसंगती काढायचा घाट घातला. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी ओळखलं की विसंगती निघतच नाही, निघते ती एक वेगळी भूमिती, जिच्यात त्रिकोणाची बेरीज १८०° पेक्षा कमी.

जास्त हवी असेल तर पृथ्वीचा गोल घ्या. विषुववृत्ताचा पाव भाग आणि दोन्ही टोकांतून उत्तर ध्रुवापर्यंत जाणारी रेखावृत्तं. तीन काटकोन, २७०°. (गोलावर इतर गृहीतकंही मोडतात, दोन ध्रुवांतून हव्या तेवढ्या ‘रेषा’ जातात, पण तो वेगळा धागा.)

मधुमालती

सातवीत त्यांनी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर चिकटवले होते. त्याला वाटतंय तीच सिद्धता.

निवृत्त_खडू

ते खात्री पटवायला उत्तम, मी स्वतः वर्गात करून घ्यायचो. सिद्धता ती नव्हे, १७९° चा त्रिकोण फाडून चिकटवला तरी डोळ्याला सरळच दिसेल.

आता सरावाचं सांगतो. दहावीला गणित भाग २ चा (भूमितीचा) पेपर ४० गुणांचा असतो आणि त्यात ‘कृती पूर्ण करा’ म्हणून चौकटी भरायच्या असतात. चौकटी भरून गुण मिळतात, पण सिद्धता रचता येत नाही, कारण वाट दुसऱ्यानं आखलेली असते. घरी कोरा कागद द्या. कच्च्या पानावर उलटं चालायला सांगा: साध्य हे, यासाठी काय हवं? दोन कोन समान हवेत. त्यासाठी? दोन त्रिकोण एकरूप हवेत. कोणते? असं पक्षाला येऊन भिडलं की पक्क्या पानावर सुलट लिहायचं. मुलं पक्क्या पानावरच विचार करायला बसतात आणि पहिल्या ओळीला अडतात.

घ्या एक: रेषीय जोडीतल्या दोन कोनांचे दुभाजक एकमेकांना लंब असतात.

मधुमालती

त्याचं उत्तर जसंच्या तसं (अक्षरं मी मराठीत केली):

पक्ष: ∠अमक आणि ∠कमब रेषीय जोडीत आहेत. मप हा ∠अमक चा दुभाजक, मर हा ∠कमब चा दुभाजक.
साध्य: ∠पमर = ९०°
∠अमक + ∠कमब = १८०° (रेषीय जोडी)
∠पमक = ∠अमक चा अर्धा, ∠कमर = ∠कमब चा अर्धा (दुभाजकाची व्याख्या)
∠पमक + ∠कमर = ९०° (वरच्या दोन ओळींवरून)
∠पमर = ∠पमक + ∠कमर (किरण मक मध्ये आहे)
∴ ∠पमर = ९०°

कच्चं पान वेगळं आहे, त्यावर बरीच खाडाखोड.

रेषेबाहेर

‘किरण मक मध्ये आहे’ हे त्यानं न सांगता लिहिलं? मध्ये कशावरून, ते विचारा त्याला.

मधुमालती

विचारलं. म्हणतो, मप हा अ च्या बाजूचा कोन दुभागतो आणि मर ब च्या बाजूचा, म्हणून ते मक च्या दोन बाजूंना पडतात. आणि वर मला: “आकृतीवरून नाही म्हणालो मी.”

निवृत्त_खडू

नववीला एवढं पुरे. पूर्ण गुण. आता व्यत्यास द्या: लगतच्या दोन कोनांचे दुभाजक परस्परांना लंब असतील तर ते कोन रेषीय जोडीत असतात. पक्ष आणि साध्य त्यालाच मांडू दे, तुम्ही सांगू नका.